गच्ची, खिडकी आणि पत्रे यांवर कापडी सावली: मराठवाड्यातील उन्हाळ्यासाठी पहिल्यापासून मार्गदर्शन

मे महिन्यात परभणीत रात्री आठ वाजता स्टुलावर उभे राहून स्लॅबला खालून हात लावून पाहावा. चटका बसत नाही, पण हात तिथे ठेवावासाही वाटत नाही. बाहेर अंगणात तोवर वारा सुटलेला असतो, शेजारी खाटा टाकून बसलेले असतात आणि खोलीत मात्र पंखा छताखालची गरम हवा अंगावर ढकलत असतो. दिवसभर उन्हात तापलेले काँक्रीट साठवलेली उष्णता काही तास उशिराने, नेमकी झोपेच्या वेळी, आत सोडते. या लेखात जे सांगायचे आहे ते एवढेच की, ऊन घराला लागण्याआधी बाहेरच अडवावे, अडवणारे कापड आणि घर यांच्यामध्ये वारा खेळता ठेवावा आणि सूर्य मावळल्यावर ते कापड बाजूला सारावे. यातील तिसरी गोष्ट बहुतेक लोक करत नाहीत, म्हणून तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

कूलर आपल्या कोरड्या हवेत उत्तम चालतो, यात शंका नाही. परंतु त्याला पाणी लागते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते आणि पहिल्या गाडीतून पाच लाख लिटर पाणी आले होते. ज्या भागाने ते दिवस पाहिले आहेत, त्या भागात थेंबभरही पाणी न लागणारा उपाय आधी करावा आणि कूलर त्यानंतर लावावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सावली केलेल्या खोलीत लहान कूलरही पुरतो, हा त्याचा आणखी एक लाभ.

पहिली पायरी: ऊन कुठून येते ते पाहणे

कापड आणण्याआधी एक सुटीचा दिवस निरीक्षणासाठी द्यावा. मराठवाडा साधारण साडेसतरा ते साडेवीस अंश उत्तर अक्षांशांच्या दरम्यान आहे, त्यामुळे मे महिन्यात सूर्य दुपारी जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस धाराशिव आणि लातूरला मेच्या दुसऱ्या आठवड्यात, तर छत्रपती संभाजीनगरला २० मेच्या आसपास येतो. याचा व्यवहारातील अर्थ असा की, उन्हाळ्यात घराचा सर्वांत जास्त तापणारा भाग म्हणजे छत. निरभ्र दुपारी एका चौरस मीटरवर ९०० ते १००० वॅट इतके ऊन पडते. दहा बाय दहा फुटांच्या खोलीचे छत सुमारे ९.३ चौरस मीटर भरते, म्हणजे त्या एका खोलीवर नऊ हजार वॅटच्या आसपास उष्णता येऊन आदळते. दोन हजार वॅटचे चार गीझर छतावर एकदम चालू ठेवल्यासारखे हे आहे आणि काळपट पडलेला स्लॅब त्यातील मोठा हिस्सा शोषून घेतो.

खिडक्यांची गोष्ट वेगळी आहे. दक्षिणेकडील खिडकीची आपल्याला फार भीती वाटते, पण मे महिन्यात सूर्य इतका वर असतो की तिथे साधा छज्जाही पुरतो. खरा त्रास पश्चिमेकडील खिडकीचा असतो, कारण दुपारी तीननंतर ऊन तिरपे होऊन छज्ज्याखालून सरळ आत शिरते. या दिवसांत सूर्य नेमक्या पूर्व-पश्चिमेला न उगवता-मावळता थोडा उत्तरेकडे सरकलेला असतो, म्हणून उत्तरेच्या खिडकीतही सकाळ-संध्याकाळ ऊन डोकावते. सकाळी नऊ, दुपारी बारा, तीन आणि पाच वाजता कोणत्या भिंतीवर ऊन आहे हे खडूने खूण करून ठेवावे. एवढे केले तरी अर्धा अनावश्यक खर्च टळतो.

दुसरी पायरी: कापड निवडणे

दुकानात सर्वांत आधी हिरवी शेडनेट दाखवली जाते. ती वाईट नाही, परंतु तिच्या हिरव्या रंगामुळे गारवा वाढत नाही. शेडनेटवरील ५०, ७५ किंवा ९० हे टक्के ती किती प्रकाश अडवते ते सांगतात, किती उष्णता अडवते ते सांगत नाहीत. काळी किंवा गडद हिरवी जाळी प्रकाश अडवते म्हणजे मुख्यतः तो शोषते. त्याने ती स्वतः तापते आणि त्या उष्णतेचा काही भाग खाली फेकते. तिच्या वरून आणि खालून वारा वाहत असेल तर ही उष्णता वाऱ्याबरोबर निघून जाते. जाळी स्लॅबला चिकटून असेल तर तीच उष्णता स्लॅबमध्ये उतरते. पांढरी जाळी मात्र बरेचसे ऊन परत आकाशाकडे वळवते. म्हणून घराच्या छतासाठी पांढरी ७५ टक्के जाळी ही माझी पहिली शिफारस राहील. काळ्या जाळीचा एक गुण मान्य करायला हवा: तिच्यातील काजळीमुळे ती उन्हात जास्त वर्षे टिकते.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची पट्टी विणलेली चंदेरी जाळी, जी पॉलिहाऊसमध्ये वापरतात. ती ऊन तर परतवतेच, शिवाय तिचा चकचकीत पृष्ठभाग स्वतःकडून उष्णता फार कमी बाहेर टाकतो, म्हणून ती तापली तरी खालच्या माणसाला तिची धग जाणवत नाही. तिची अडचण एवढीच की धूळ बसली किंवा घासली गेली की तिचा गुण उतरतो, आणि आपल्याकडे काळ्या मातीची धूळ किती उडते हे सांगायला नको.

ताडपत्री आणि जुने जाहिरातीचे फ्लेक्स हा लोकांनी स्वतः शोधलेला मार्ग आहे. फ्लेक्सची पांढरी पाठ वर करून बांधल्यास ऊन चांगले परतते आणि पैसे जवळजवळ लागत नाहीत. परंतु त्यातून हवा जात नाही, त्यामुळे खाली उष्णता कोंडते आणि वादळात तो शिडासारखा फुगतो. तो वापरायचाच असेल तर उतार देऊन, दोन पट्ट्यांमध्ये हातभर फट ठेवून आणि एकाच हंगामापुरता वापरावा.

मोठ्या प्रमाणावर कापडी सावली कशी काम करते हे पाहायचे असेल, तर जेद्दाहच्या विमानतळावरील हज टर्मिनलचे छायाचित्र अवश्य पाहावे. १९८१ साली पूर्ण झालेल्या त्या वास्तूवर टेफ्लॉनचा लेप दिलेल्या काचतंतूच्या कापडाचे २१० तंबू आहेत. त्याच्या रचनेत मूळच्या बंगालच्या फझलुर रहमान खान या अभियंत्याचा मोठा वाटा होता. तिथे कापड खूप उंच आहे, बाजू मोकळ्या आहेत आणि प्रत्येक तंबूच्या शेंड्याला गरम हवा निघून जाण्यासाठी तोंड ठेवले आहे. आपल्या गच्चीवर तेवढे कापड परवडणार नाही, पण मोकळ्या बाजू आणि वर जाणाऱ्या हवेसाठी वाट या दोन गोष्टी फुकट मिळतात.

प्रयोगशाळांतील कापडे याही पुढे गेली आहेत. २०१६ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अतिसूक्ष्म छिद्रे असलेले पॉलिथिनचे कापड दाखवले, ज्यातून अंगाची उष्णता आरपार निघून जाते. २०२१ साली चीनमधील संशोधकांनी नव्वद टक्क्यांहून अधिक ऊन परतवणारे आणि त्याच वेळी स्वतःची उष्णता आकाशाकडे सोडून देणारे कापड विणून दाखवले. हवेतून ८ ते १३ मायक्रोमीटर तरंगलांबीची उष्णता बरीचशी अडथळ्याविना अवकाशात निसटते, त्या वाटेचा हा उपयोग आहे. अशी जादू साध्या जाळीच्या नावाने कोणी विकू लागला, तर मात्र सावध राहावे.

खरेदी करताना तीन गोष्टी पाहाव्यात. जाळी अतिनील किरणांना टिकणारी आहे असे वेष्टनावर लिहिलेले आहे का, आणि किती वर्षांची हमी आहे. तिच्यावर आयएस १६००८ या भारतीय मानकाचा उल्लेख आहे का. तिसरे म्हणजे एक तुकडा आकाशाकडे धरून वीण सारखी आहे का. पहिल्या वर्षी मी यातले काहीच पाहिले नाही आणि स्वस्त म्हणून आणलेली जाळी मे संपता संपता बोटाने ओढली तरी भुगा होऊन सुटू लागली. दोन जाळ्या एकावर एक घातल्यास टक्क्यांची बेरीज होत नाही, हेही लक्षात ठेवावे. पहिली ५० टक्क्यांची जाळी निम्मे ऊन अडवते, दुसरी उरलेल्या निम्म्यातील निम्मे अडवते, म्हणजे एकूण ७५ टक्के होतात.

तिसरी पायरी: सांगाडा आणि बांधणी

इथे घाई करू नये. आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे वळवाचे दिवस, आणि वळीव येतो तो वावटळ आणि कधी गारा घेऊन. ताशी ७२ किलोमीटर वेगाचा वारा एका चौरस मीटरवर सुमारे २४ किलो इतका दाब देतो. दहा बाय दहा फुटांच्या छिद्रे नसलेल्या कापडावर तो सव्वादोनशे किलोच्या घरात जातो. जाळीतून थोडा वारा निघून जातो म्हणून तिच्यावर भार कमी येतो, पण विसंबून राहण्याइतका कमी येत नाही.

स्लॅबला छिद्रे पाडू नयेत, पावसाळ्यात तिथूनच गळती सुरू होते. सोपा मार्ग असा: रंगाचे वीस लिटरचे रिकामे डबे घ्यावेत, प्रत्येकात मधोमध जीआय (जस्ताचा लेप दिलेला लोखंडी) पाइप उभा करून काँक्रीट भरावे आणि आठवडाभर पाणी मारून ते पक्के होऊ द्यावे. असा एक डबा साधारण ४५ किलोचा होतो. चार कोपऱ्यांचे चार डबे मिळून १८० किलो भरतात, म्हणजे वरील हिशेबानुसार ते एकटे जोराच्या वाऱ्याला पुरत नाहीत. म्हणून प्रत्येक पाइपचा ताण दोरीने किंवा तारेने कठड्याच्या मजबूत भागाला दिलाच पाहिजे. कठडा विटांचा आणि हलका असेल तर गवंड्याला दाखवून मगच त्यावर भरवसा ठेवावा. गच्चीजवळून विजेची तार जात असेल तर लोखंडी पाइप उभा करण्याचा विचारही करू नये.

जाळी नुसती कापून बांधली की कडेने उसवत जाते. मंडपवाल्यांकडे किंवा ताडपत्री शिवणाऱ्याकडे नेऊन चारही कडा दुमडून, आत नायलॉनची दोरी घालून शिवून घ्याव्यात आणि दर दोन फुटांवर पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या गोल कड्या ठोकून घ्याव्यात. साधा सुती दोरा उन्हात कुजतो, तो चालवून घेऊ नये.

आता उंचीचा प्रश्न. सात फुटांवर जाळी बांधली तर खाली माणूस उभा राहू शकतो, धुणे वाळत घालता येते आणि वाराही भरपूर खेळतो. पण मेच्या मध्यात दुपारी चार वाजता सूर्य क्षितिजापासून सुमारे ३८ ते ३९ अंशांवर उतरलेला असतो, तेव्हा सात फूट उंचीवरील जाळीची सावली आठ-नऊ फूट पूर्वेकडे सरकते. म्हणजे दिवसाच्या सर्वांत तापलेल्या वेळी स्लॅबचा पश्चिमेकडचा आठ-नऊ फुटांचा पट्टा उघडाच राहतो. यावर उपाय दोन आहेत: जाळी पश्चिमेकडे गच्चीच्या कडेबाहेरपर्यंत न्यावी, किंवा पश्चिमेच्या बाजूला उभी झालर सोडावी. फक्त स्लॅबच थंड ठेवायचा असेल आणि गच्चीचा दुसरा उपयोग नसेल, तर फूट-दीड फूट उंचीवर जाळी ताणली तरी चालते. सावली जागेवर राहते आणि वाराही त्या जाळीला कमी धरतो. मात्र फुटापेक्षा कमी अंतर ठेवू नये.

चौथी पायरी: रात्री उघडण्याची सोय

पाइपांमध्ये दोन समांतर तारा ताणून त्यावर जाळी पडद्यासारखी कड्यांनी सरकती ठेवावी, ही या लेखातील सर्वांत महत्त्वाची सूचना आहे. उन्हाळ्यात आपल्या भागातील रात्री बहुधा निरभ्र आणि कोरड्या असतात, त्यामुळे उघडा स्लॅब आपली उष्णता सरळ आकाशाकडे टाकून निवत जातो. जुन्या धाब्याच्या किंवा माळवदाच्या घरावर रात्री अंथरूण टाकणाऱ्यांना हा गारवा ठाऊक आहे. स्लॅबवर कापड तसेच राहिले तर ही वाट बंद होते, आणि चंदेरी जाळी तर उष्णता परत स्लॅबकडेच वळवते.

आमच्याकडे हे काम आईने स्वतःकडे घेतले आहे. दिवेलागणीला ती गच्चीवर जाते, पश्चिमेची गाठ सोडते, हातातल्या काठीने कड्या सर्रकन पूर्वेकडे ढकलते आणि गोळा झालेली जाळी सुतळीच्या एका फासाने आवळते. दोन मिनिटांचे काम आहे. सकाळी आठच्या आत ती पुन्हा पसरली जाते. वळवाचे ढग दाटून आले, तरी जाळी अशीच गोळा करून ठेवता येते. पण वीज चमकू लागल्यावर मात्र लोखंडी पाइपांजवळ कोणीही जाऊ नये. त्या दिवशी जाळी फाटली तरी फाटू द्यावी.

तिने आणखी एक अट घातली होती. एप्रिल म्हणजे वाळवणाचे दिवस, कुरडया, पापड, सांडगे यांना खरखरीत ऊन हवे. म्हणून जिन्याच्या खोलीवरचा भाग आम्ही कायम उघडा ठेवला. तिथे खाली कोणी झोपत नाही, त्यामुळे तो तापला तरी बिघडत नाही. प्रत्येकाने आपल्या घरातील अशी जागा आधीच ठरवावी, नाहीतर चार दिवसांत जाळी गुंडाळून कोपऱ्यात पडते.

पाचवी पायरी: खिडक्या

पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा लावणे हा अपुरा उपाय आहे. ऊन काचेतून आत येते, पडदा तापतो आणि त्याची धग काचेतून बाहेर जाऊ शकत नाही. ती खोलीतच राहते. तोच पडदा खिडकीच्या बाहेर असता तर धग बाहेरच्या बाहेर गेली असती. म्हणून बांबूचा चिकाचा पडदा, पांढरी जाळी किंवा पीव्हीसीचा लेप दिलेले जाळीदार कापड ग्रीलच्या बाहेर, भिंतीपासून सहा इंच पुढे आणि खालून उचलता येईल असे लावावे. बाहेरचे दिसायला हवे असेल तर गडद रंगाच्या बारीक जाळीतून अधिक स्पष्ट दिसते, ऊन परतवायला फिकट रंग चांगला; दोहोंपैकी काय हवे ते ज्याचे त्याने ठरवावे.

खिडकीत कूलर असेल तर त्याच्यावर सावली जरूर करावी, पण त्याची पाठ आणि बाजू यांच्यापासून कापड दोन-तीन फूट दूर ठेवावे. त्याचा श्वास कोंडला तर सावलीचा उपयोग शून्य. पाणी पुरेसे असलेल्या घरांनी वाळ्याचे पडदे किंवा ओले गोणपाट दुपारच्या वाऱ्याच्या दिशेने लावावे. मराठवाड्याच्या कोरड्या दुपारी ते झपाट्याने सुकते आणि सुकताना हवा गार करते. सकाळी भांड्यांचे उरलेले स्वच्छ पाणी त्यासाठी वापरता येते.

पत्रे, गोठा आणि पाण्याची टाकी

पत्र्याचे घर स्लॅबच्या उलट वागते: ऊन आले की लगेच तापते आणि ऊन गेले की लगेच निवते. त्यामुळे तिथे रात्री जाळी सरकवण्याची निकड नसते, पण दिवसाची सावली फार मोलाची असते. पत्र्यापासून फूटभर वर बांबूच्या चौकटीवर जाळी ताणावी. पत्र्यावर कडबा, पाचट किंवा तुऱ्हाट्या टाकण्याची पद्धत गारवा देते, हे खरे; परंतु एका ठिणगीत सगळे पेट घेते. जाळीलाही आग लागते हे विसरू नये: ती पॉलिथिनची असते, १३० अंशांच्या आसपास वितळते, म्हणून चूल किंवा शेगडी तिच्याखाली कधीही मांडू नये. म्हशींना ऊन गाईंपेक्षा अधिक सोसवत नाही, तेव्हा गोठ्याच्या पश्चिमेला ७५ टक्के जाळी सोडून बाकीच्या बाजू मोकळ्या ठेवाव्यात.

गच्चीवरील काळ्या टाकीवर पांढऱ्या जाळीचे उरलेले तुकडे दोन पदरी बांधले, तर दुपारी नळाला येणारे कढत पाणी बऱ्यापैकी सुसह्य होते.

फरक पडला की नाही, हे कसे पाहावे

दोन सारख्या खोल्या असतील तर आधी एकीवरच जाळी बांधावी आणि रात्री नऊ वाजता दोन्ही छतांना हात लावावा. दुरून तापमान सांगणारे बंदुकीसारखे यंत्र असेल तर त्याने छताची खालची बाजू मोजावी. चंदेरी जाळीवर ते धरू नये, कारण चकचकीत पृष्ठभागावर ते चुकीचे, फार कमी तापमान दाखवते. अपेक्षाही योग्य ठेवावी. बाहेरची हवा ४३ अंश असताना सावलीने खोली २८ अंशांवर येणार नाही. कापड हवेचे तापमान उतरवत नाही, ते छतातून अंगावर येणारी धग कमी करते आणि झोपेची वेळ लवकर गार करते. वृद्ध आणि तान्ही मुले असलेल्या घरात तेवढ्याचेही महत्त्व फार असते.

उतरवणे आणि ठेवणे

होळी झाली की सांगाडा उभा करावा, पाडव्यापर्यंत जाळी चढवावी आणि मृग लागण्याआधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, ती उतरवावी. मध्ये एकदा, एप्रिलच्या अखेरीस, सकाळच्या वेळी ती झाडून ओल्या फडक्याने पुसावी, कारण धुळीने मळलेली पांढरी जाळी करड्या जाळीसारखीच वागू लागते. उतरवल्यावर ती पूर्ण वाळवून, गुंडाळी करून, उंदीर पोहोचणार नाहीत अशा पेटीत किंवा टांगून ठेवावी. काँक्रीटचे डबे भिंतीकडेला उलटे न करता तसेच ठेवावेत, त्यांच्या पाइपांच्या तोंडांवर प्लास्टिकच्या टोप्या बसवाव्यात, नाहीतर आत पाणी साचून ते गंजतात. जाळीच्या चारही कोपऱ्यांवर रंगाने पू, प, द, उ अशी दिशांची अक्षरे लिहून ठेवावीत. पुढच्या पाडव्याला कोणती कड कुठे बांधायची हे शोधण्यात सकाळ जात नाही.